खडकाचे दप्तर

सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या माणसाला एक वाक्य न शिकवता पाठ होते : 'शंभर वर्षांनी हे कोण विचारणार आहे?' टिपणीतला एखादा आकडा जुळत नसला, एखाद्या जुन्या प्रकरणाचा मागचा कागद सापडत नसला, किंवा कोणाच्या अर्जाला उत्तर द्यावयाचे राहून गेले असले, की कोणीतरी हे वाक्य उच्चारतो आणि हातातली फाइल पुढे सरकते. वाक्य वरवर निरुपद्रवी आहे. त्यात थोडी विरक्ती भासते, थोडे शहाणपणही भासते. आम्ही स्वतः ते अनेकदा उच्चारले आहे. आज त्याच वाक्याची झडती घ्यावी असे मनात आहे, आणि साक्षीसाठी आम्ही एका खडकाला बोलावणार आहोत. शंभर वर्षांची भाषा करणाऱ्यांपुढे बावीस कोटी वर्षांचा साक्षीदार उभा करणे अगदीच गैर ठरू नये.

ह्या खडकाशी आमचा परिचय व्हावा असे काही कारण नव्हते. बदलीच्या नोकरीने आम्हांला कोलकात्यास आणून सोडले आणि एका सुटीच्या आधीच्या दुपारी एका स्नेह्यांच्या सोबतीने आम्ही बराकपूर ट्रंक रस्त्यावरील भारतीय सांख्यिकी संस्थेत गेलो. जेथे केवळ आकडेमोड चालत असेल अशी आमची समजूत, तेथे भूशास्त्राचे एक संग्रहालय निघाले. प्राचीन प्राण्यांच्या लॅटिन नावांतून डोळे फिरत असता एका नावाशी ते थबकले : पॅरासुकस हिस्लोपी. विदर्भातल्या माणसाला 'हिस्लॉप' हे नाव म्हणजे नागपूरचे महाविद्यालय. ते नाव येथे, हुगळीच्या काठी, मगरीसारख्या एका जनावराच्या शेपटीला कसे चिकटले? परगावी आपल्याकडचे नाव भेटले की माणूस चौकशी केल्याशिवाय राहत नाही. आम्ही ती केली, आणि चौकशीची वाट मालेरी नावाच्या एका गावापाशी येऊन पोचली.

वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, आणि ती पुढे गोदावरीस मिळते. ह्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, आजच्या तेलंगणाच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात, लाल मातीच्या घट्ट झालेल्या थरांचा आणि वालुकाश्माचा एक खडकसमूह आहे. जवळच्या गावावरून त्याला 'मालेरी' हे नाव मिळाले. ट्रायासिक कल्पाच्या उत्तरार्धात येथे सपाट मैदानांतून नद्या वाहत होत्या, तळी होती, पावसाळ्यात पूर येत होते. त्या पुरांचा गाळ थरावर थर साचत गेला आणि त्यात त्या काळचे काही प्राणी पुरले गेले. त्या वेळी हिंदुस्थान आजच्या जागी नव्हता. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ह्यांना तो जोडलेला होता. त्या जोडभूमीस शास्त्रज्ञ 'गोंडवन' म्हणतात. १८७२ साली मेडलिकट ह्या भूशास्त्रज्ञाने आपल्या देशातील खडकांच्या एका मोठ्या मालिकेसाठी गोंडांच्या देशावरून हे नाव योजिले, आणि पुढे ते साऱ्या दक्षिणी भूखंडास लागले.

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरास आले. शाळा काढली, धर्माचे काम केले. आणि त्यासोबत दगडांचा नाद लावून घेतला. मालेरीच्या मातीत त्यांना माशांचे दात मिळाले. १८५९ साली टॉमस ओल्डहॅम ह्यांनी त्या दातांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि एका जातीस हिस्लॉपचे नाव दिले. हे दात हवेतही श्वास घेऊ शकणाऱ्या फुप्फुसमीनांचे होते. गंमत अशी की, त्यानंतर अकरा वर्षांनी, १८७० साली, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात ह्याच कुळातला एक जिवंत मासा विद्वानांच्या हाती पडला. तेथील रहिवाशांना तो अर्थातच पूर्वीपासून ठाऊक होता. विद्वानांनी मात्र ह्या कुळाला दातांवरून ओळखले, आणि मासा नंतर पाहिला.

हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात वारले. टाकळघाटच्या बाजूची प्राचीन शिलावर्तुळे पाहून घोड्यावरून परतत असता पूर आलेल्या पाण्यात ते बुडाले. पुराच्या गाळातून प्राचीन जीवांचे दात वेचणाऱ्या माणसाला पुरानेच न्यावे, ह्यावर काही भाष्य करण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. गोंडादी आदिवासींविषयी त्यांनी जमविलेली टिपणे हस्तलिखितातच राहिली होती. रिचर्ड टेंपल ह्या अधिकाऱ्याने ती संपादित करून १८६६ साली छापविली. गोंडांचे लिंगोगीत त्यांतच आहे. टेंपल ह्यांनी 'शंभर वर्षांनी हे कोण विचारणार?' असे म्हटले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. मालेरीच्या थरांत काय टिकले आणि काय गेले, ह्याचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे मन चमकते. फुप्फुसमीनांचे दात टिकले, शिंपले टिकले. प्राण्यांची विष्ठादेखील दगड होऊन टिकली आणि तिला शास्त्रात मानाचे स्थान मिळाले. हायपरोडापेडॉन नावाचा, पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेला, आडव्या बांध्याचा एक शाकाहारी प्राणी खालच्या थरांत मुबलक सापडतो. त्याच्या जबड्यांतल्या दातांच्या रांगा सांगतात की, तो पाला, मुळे, असले काहीतरी भरडून खात असे. पण जे तो खात असे त्याचा पत्ता नाही म्हटले तरी चालेल. हवा-पाण्याने तांबडी झालेली माती पानाफुलांना जपून ठेवीत नाही. ती कुजून जातात. खाणारा उरला; ज्याच्यावर तो जगला ते नाहीसे झाले.

आणखी एक दृश्य पाहा. शंकर चटर्जी ह्यांनी १९७८ मध्ये पॅरासुकसच्या दोन जवळजवळ पूर्ण सांगाड्यांचे वर्णन केले. हे दोन्ही सांगाडे शेजारी शेजारी सापडले होते. त्यांच्या पोटाच्या जागी दुसऱ्याच एका लहान, सडपातळ प्राण्याची हाडे आढळली. ती पॅरासुकसच्या शेवटच्या भोजनाची असावीत असा चटर्जींचा तर्क. १९८० मध्ये त्यांनी ह्या प्राण्यास 'मालेरीसॉरस' असे नाव दिले. त्याच्या जातिनामात पामेला रॉबिन्सन ह्या विदुषीचे नाव गुंफले आहे. १९५७ साली महालनोबिसांच्या आमंत्रणावरून त्या कोलकात्यास आल्या आणि सांख्यिकी संस्थेत भूशास्त्राच्या अभ्यासाचा पाया घातला. तर्क खरा असेल, तर हे लहान जनावर आज आपल्याला ठाऊक आहे ते केवळ खाल्ले गेले म्हणून. त्याची जी भावंडे खाल्ली गेली नाहीत, सुखाने जगली आणि सुखाने मेली, त्यांची नोंद नाही.

खडकाच्या दप्तराचा न्याय हा असा आहे. जे कठीण ते राहिले, जे मऊ ते गेले. जे गाळाच्या वाटेत पडले ते राहिले, जे उघड्यावर पडले ते गेले. त्यात गुणाला स्थान नाही, पापपुण्याला नाही, जिवाच्या मोलालाही नाही. आपण मात्र नकळत उलटा सिद्धान्त धरून चालतो. जे टिकले ते टिकण्याजोगेच असले पाहिजे, आणि जे विसरले गेले त्यात विसरण्यासारखेच काही असेल, असे आपण मानतो. ग्रंथांबद्दल, घराण्यांबद्दल, माणसांबद्दल आपण असेच बोलतो. काळाच्या कसोटीला उतरणे हा आपल्या भाषेत सर्वोच्च गौरव. पण काळ ही कसोटी नव्हे. काळ हा गाळ आहे. विष्ठा टिकली आणि फूल गेले, ह्यावरून फुलाची किंमत ठरत नाही.

येथे कोणी म्हणेल की, ह्यावरून तर आमच्या त्या वाक्याचीच पुष्टी होते. टिकणे हे जर असे दैवाधीन असेल, तर आपण कशाला जिवाचा आटापिटा करावा? बावीस कोटी वर्षांपुढे एक टिपणी ती काय आणि तिच्यातला एक आकडा तो काय! हा आक्षेप भारदस्त आहे, पण त्यात एक लबाडी लपलेली आहे. एवढ्या मोठ्या मापाने मोजू लागले तर सगळेच शून्य होते. केवळ आपल्याला टाळावेसे वाटणारे काम तेवढे होत नाही. ज्याला 'शंभर वर्षांनी कोण विचारणार?' असे म्हणावयाचे असेल त्याने महिनाअखेरच्या पगाराबद्दल, महागाईभत्त्याबद्दल आणि बढतीच्या यादीतल्या आपल्या क्रमांकाबद्दलही तसेच म्हणावे. असे म्हणणारा विरक्त आम्ही अद्याप पाहिलेला नाही. अफाट काळ हा आपल्या कर्तव्याच्या वेळी आठवतो आणि हक्काच्या वेळी विसरतो. जो हिशेब एकाच बाजूने मांडला जातो त्याला तत्त्वज्ञान म्हणू नये.

हे आम्ही कोणा दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी मध्य भारतातल्या एका गावी आम्ही होतो. तेथील कार्यालयात जुन्या कागदपत्रांची छाननी निघाली. आमच्यासारख्या वाचकांना पद्धत ठाऊकच आहे : 'अ' आणि 'ब' वर्गातले कागद कायमचे ठेवावयाचे, 'क' वर्गातले ठरलेली मुदत संपली की नष्ट करावयाचे. याद्या झाल्या, त्यांवर सह्या झाल्या, वरिष्ठांची मंजुरी आली, आणि दोन हातगाड्या भरून रद्दी गेली. सारे नियमाप्रमाणे झाले. एका यादीत एक ओळ होती : 'जुनी हजेरीपुस्तके, नग १४'. ती यादी आम्ही तयार केली होती.

तीनेक वर्षांनी एक वृद्ध गृहस्थ आमच्या टेबलापाशी आले. त्याच कार्यालयात त्यांनी फर्राशाचे काम केले होते. कायम झाल्यापासून निवृत्तीपर्यंत त्यांची सेवा नऊ वर्षांची भरली होती. पेन्शनसाठी दहा लागतात. कायम होण्यापूर्वी कित्येक वर्षे ते तेथेच रोजंदारीवर होते, आणि त्यांपैकी अर्धी वर्षे जरी हिशेबात धरली गेली असती तरी त्यांचे काम होत होते. पुरावा एवढाच हवा होता की, ते त्या काळी पूर्ण वेळ कामावर होते. म्हाताऱ्याने आमच्यापुढे बसून एकामागून एक त्या वर्षांतल्या सगळ्या साहेबांची नावे क्रमाने सांगितली. कोणत्या साहेबांच्या कारकिर्दीत पाण्याची टाकी फुटली, कोणाच्या वेळी छत गळून रेकॉर्डच्या खोलीत पाणी आले आणि रात्रभर आपण गठ्ठे वर उचलून ठेवले, ते सांगितले. शेवटी म्हणाले, "बाबूजी, लाल कापडी पाठीचं पुस्तक होतं ते. रोज सकाळी त्यात अंगठा लावत होतो. ते तेवढं काढा."

ते पुस्तक आम्ही काढू शकलो नाही. शोधण्याचे निमित्त करून आम्ही आतल्या खोलीत गेलो, नष्ट केलेल्या कागदांची यादी उघडली आणि खालची आपली सही पाहिली. बाहेर येऊन 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' एवढेच सांगितले. तेही खोटे नव्हते. पुढे अर्ज झाले, टिपण्या झाल्या, त्या आम्हीच लिहिल्या आणि शक्य तेवढ्या कळकळीने लिहिल्या. परंतु कागदाची जागा कळकळ घेऊ शकत नाही. त्यांचे काम झाले नाही. ज्या गठ्ठ्यांना त्यांनी पाण्यातून वर उचलले होते, त्यांतच त्यांची स्वतःची वर्षेही असतील, हा विचार आमच्या मनातून अजून जात नाही.

'शंभर वर्षांनी कोण विचारणार?' विचारणारा तीन वर्षांतच आला होता.

ह्या प्रसंगात आम्ही कोणता अपराध केला? नियम मोडला नाही. कोणाचे वाईट चिंतले नाही. पुस्तकांची मुदत संपली होती. सारखा विचार करून आम्ही ज्या निष्कर्षाला आलो तो असा : आमचा दोष पुस्तके नष्ट करण्यात नव्हता, ती न उघडता नष्ट करण्यात होता. आम्ही त्या दिवशी गाळासारखे वागलो. जे वाटेत आले ते वाहू दिले. गाळाला हे शोभते, कारण गाळाला डोळे नाहीत. मालेरीच्या नदीने फूल कुजविले म्हणून तिला कोणी जाब विचारणार नाही. ज्याला वाचता येते आणि ज्याच्या हाती सही आहे, त्याला मात्र नदीचे निरपराधित्व मागता येत नाही. निसर्ग आणि नीती ह्यांच्यामधली सीमारेषा ही एवढीच, आणि ती कचेरीतल्या टेबलावरूनही जाते.

मग काय, सगळेच जपावे? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शासनाची दप्तरे, मग ती कागदाची असोत वा संगणकातली, सगळी जपू लागलो तर हवा तो कागद कधीच सापडणार नाही. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत ह्या छाननीला 'निंदणी' म्हणतात, आणि तो शब्द फार अर्थपूर्ण आहे. निंदणी केल्याशिवाय पीक येत नाही. पण शेतात निंदणाऱ्या बाईकडे पाहा. ती वाकलेली असते. तिची नजर प्रत्येक रोपावर असते. तण कोणते आणि धान कोणते हे ती हातात धरून ओळखते, मग उपटते. उभ्याने, वरून यादी वाचून निंदणी होत नाही. कायदाही ह्या बाबतीत आपण समजतो तेवढा बेफिकीर नाही. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे १८९२ पूर्वीचा कागद, तो अगदीच निकामी झालेला नसेल तर, नष्ट करता येत नाही. पण कायदा वर्षांचा आकडा सांगू शकतो. एखाद्या ओळीत कोणाचा जन्म अडकला आहे ते सांगू शकत नाही. ते वाचणाऱ्याने पाहावयाचे.

चुकीबद्दलही मालेरीने आम्हांला एक धडा दिला आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. पॅरासुकस हिस्लोपी हे नाव लिडेकर ह्यांनी १८८५ साली ज्या अवशेषांच्या आधारे मांडले ते सारे तुकडे होते. पुढे ध्यानात आले की, त्यांत कवटीच्या तळाचे जे हाड होते ते ह्या प्राण्याचे नव्हतेच. ते त्या चोचीवाल्या शाकाहाऱ्याचे होते. उरलेला मुखाग्राचा तुकडा इतका सामान्य की, त्यावरून जात निश्चित होईना. म्हणजे नाव एकाचे, अंग दोघांचे! अखेर चटर्जींनी २००१ मध्ये रीतसर अर्ज केला आणि आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने २००३ मध्ये निर्णय दिला की, कोलकात्यात असलेला पूर्ण सांगाडा हाच ह्यापुढे ह्या नावाचा प्रमाण नमुना मानावा. प्रकरण निकालात निघावयास एकशे अठरा वर्षे लागली. आमच्या कचेऱ्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण हा निकाल कशामुळे लागू शकला? लिडेकरांचे चुकलेले तुकडे कोणी फेकून दिले नव्हते म्हणून. त्यांनी कोणत्या हाडावरून काय म्हटले, हे लिहून ठेवलेले होते म्हणून. विद्वानाची चूक झाली, आणि ती चूक जपली गेली, म्हणून दुसऱ्या विद्वानाला ती सुधारता आली. आपल्या चुकीचा पुरावा जपणे ही फार अवघड नीती आहे. आपला स्वभाव ती पहिल्या संधीस नष्ट करण्याचा. तरीही अवघड तेवढी ती आवश्यक आहे, कारण दुरुस्तीची वाट तिच्यातूनच जाते. शंभर वर्षांनी कोण विचारणार, ह्याचे उत्तर येथे मिळते. कोण ते सांगता येणार नाही, पण कोणीतरी विचारील. आणि त्याच्यासाठी आपले अक्षर वाचता येईल असे असावे.

हिस्लॉपांचे नाव एका जनावराला मिळाले, मालेरीचे एका खडकाला, गोंडांचे एका लुप्त भूखंडाला. सांख्यिकी संस्थेचेही नाव १९८२ साली येथल्याच एका प्राचीन जीवाच्या जातिनामात गेले. अलीकडे, २०११ मध्ये, वरच्या थरांतल्या दोन डायनोसॉरांना त्या मुलखातल्या गावांची नावे मिळाली : जाक्लापल्लीसॉरस आणि नंबालिया. गावे आली, संस्था आली. हिस्लॉपांना त्या रानात वाट दाखविणारे, पाणी आणणारे, दगड डोक्यावरून वाहणारे कोणी असतीलच. त्यांची नावे ह्या मालिकेत नाहीत. ती कोणी द्वेषाने गाळली असे आम्ही म्हणत नाही. ती कोणी विचारली नाहीत, एवढेच.

आम्ही पुन्हा त्या संग्रहालयात गेलो नाही. पण छाननीच्या याद्या आजही आमच्याकडे येतात. आता गठ्ठ्यांपेक्षा संगणकावरच्या ओळी अधिक असतात, आणि एक कळ दाबली की हातगाडीचीही गरज उरत नाही. 'नग १४' अशी ओळ दिसली की आम्ही ती यादी बाजूला ठेवतो आणि त्यातला एकेक नग उघडून पाहतो. त्यापायी काम मागे पडते. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी ते जुने वाक्य ऐकवतो. आम्ही उत्तर देत नाही. लाल कापडी पाठीचे एखादे पुस्तक हाती आले तर त्यातले अंगठे कोणाकोणाचे, ते आधी वाचून घेतो. मग सही करावयाची की नाही ते ठरवितो.